‘ठाण्याला पाठवा’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा वाचनालयात डेनिस लेहेन यांची ‘शटर आयलंड’ परत करत होतो. शेजारचे गृहस्थ मुखपृष्ठ बघून म्हणाले, “वेड्यांचं इस्पितळ? म्हणजे आपलं ठाणंच की!” दोघं-तिघं हसले. माझा संताप अजून उतरलेला नाही.

कादंबरी २००३ची, स्कोर्सेसींच्या २०१०च्या चित्रपटामुळे अनेकांना ठाऊक असलेली. १९५४ साल, बॉस्टनजवळचं बेट, गुन्हेगार मनोरुग्णांचं इस्पितळ. कुलूपबंद खोलीतून एक बाई नाहीशी होते आणि तिच्या शोधात मार्शल टेडी डॅनियल्स येतो. शेवट सांगणार नाही.

रहस्यकथा मी मध्येच खाली ठेवत नाही. ही ठेवली, ती १९५४ या सालामुळे. मेंदूवर हत्यार चालवून माणसाला ‘शांत’ करणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिझ यांना १९४९मध्ये नोबेल मिळालं होतं. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून टोच्या घालून ती करत. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध तिथे आलं ते १९५४मध्येच. लेहेन यांचे डॉक्टर या वळणावर उभे आहेत: सुरी, गोळी की संवाद? आपण जीव तोडून सांगतोय आणि समोरचा ते आजाराचं लक्षण म्हणून टिपून घेतोय, ही या पुस्तकातली भीती. ती रुग्णाच्या वाट्याची आहे.

आपण मात्र रुग्णालाच घाबरतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही गावांच्या मनोरुग्णालयांची आपण टिंगल केली. माझ्या नात्यातल्या एका मुलीला आवाज ऐकू यायचे. घरचे तिला देवऋष्याकडे नेत राहिले. इस्पितळात नेलं तर लग्न कसं जमणार, ही काळजी. औषध सुरू झालं तोवर तिचं कॉलेज सुटलं होतं. आज ती बरी आहे, नोकरी करते. गेलेली वर्षं कोण भरून देणार?

कधी तर जीवच जातो. तमिळनाडूत एरवाडीला २००१मध्ये आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आलं नाही. २८ जण गेले. आग लागली ते इस्पितळ नव्हतं. उपचाराऐवजी श्रद्धेवर चाललेला आसरा होता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी घातली आहे. हे त्या हसणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

कादंबरी जरूर वाचा. आणि घरात कुणी रात्र-रात्र जागत असेल, स्वतःशी बोलत असेल, तर ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.