विश्लेषण : पंपावर आकडा बरोबर, तरी रुग्णाला औषध कमी का?

शिरेतून औषध देणारा इन्फ्युजन पंप तासाला किती द्रव गेला, हे मोजतो. त्या द्रवात औषध किती उरले, हे त्याला कळत नाही. काही औषधे वाटेत नळीतच अडकतात.

नेमके काय होते?
सलाइनच्या अनेक नळ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात. छातीत दुखत असताना दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन या प्लास्टिकमध्ये मुरते. औषधाच्या माहितीपत्रकानुसार हे प्रमाण ४० ते ८० टक्के असू शकते. नळी जितकी लांब आणि वेग जितका कमी, तितकी घट जास्त. इन्सुलिन मात्र नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटते.

धोका कुठे?
नायट्रोग्लिसरीनचा डोस रक्तदाब पाहून हळूहळू वाढवतात. त्यामुळे नळीतली घट भरून निघते. पण मध्येच औषध न शोषणारी नळी जोडली आणि वेग तोच ठेवला, तर जवळपास सगळे औषध शरीरात जाऊन रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणूनच अशा नळीतून सुरुवात मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमने करतात. पीव्हीसी नळीच्या जुन्या अभ्यासांत ती २५ किंवा त्याहून अधिक होती.

उपाय काय?
नायट्रोग्लिसरीनसाठी पॉलिएथिलीनसारख्या न शोषणाऱ्या नळ्या मिळतात. इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी त्याचे साधारण २० मिली द्रावण नळीतून सोडून देतात, म्हणजे चिकटायचे ते आधीच चिकटते. नळीचा प्रकार बदलला, की डोसही नव्याने ठरवावा लागतो.