गिऱ्हाईक कोण आणि गुन्हेगार कोण?

इंग्रजीत एक जुना वाक्प्रचार आहे : 'अग्ली कस्टमर'. शब्दशः कुरूप गिऱ्हाईक. अर्थ, अंगावर येणारा, धोक्याचा माणूस. आपल्या सातारा-सांगलीकडंही 'लई अवघड गिऱ्हाईक हाय' म्हणतात. मला यातला 'गिऱ्हाईक' हा शब्द टोचतो. आमच्या बापजाद्यांना नुसतं गिऱ्हाईक तरी कुणी होऊ दिलं?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त लिहून ठेवलंय. साताऱ्यात न्हावी होते, घरात द्यायला पैसे होते. तरी पोरांचे केस कापायची थोरली बहीण. १९०१ साली ही पोरं बापाला भेटायला कोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं कबूल केलं तेव्हा एक तयार झाला. तेही बैल पोरांनी हाकायचे, गाडीवान पायी चालणार. पैसा बाटत नव्हता, माणूस बाटवत होता!

आता वाळवा तालुक्यात वाटेगावला या. अण्णाभाऊ साठ्यांचं गाव. त्यांची 'फकिरा' १९५९ ची. त्यात मांगवाड्यावर लादलेली सरकारी हजेरी वाचा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ साली तो सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी नव्यानं केला. चोरी कुणी केली ते मागाहून बघू, आधी जात नोंदवा! पाळण्यातलं पोरसुद्धा उद्याचा चोर. ज्याला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नाही, त्याचं नाव मात्र पोलिसाच्या वहीत पहिलं.

१९५२ साली तो कायदा गेला. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि विमुक्तांच्या पालावरचा संशय उठला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, विमुक्तांना मनमानी अटक करू नका. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी!

म्हणून दोस्तांनो, निकाल कागदावर सोडू नका. तुमच्या वस्तीतलं पोरगं रात्री उचलून नेलं तर पाच-दहाजण मिळून ठाण्यात जा. विचारा : गुन्हा कोणता? कलम कोणतं? लेखी कारण द्या. एवढं विचारलं की साहेब तुम्हालाच अवघड गिऱ्हाईक म्हणेल. म्हणू दे. उत्तर घेतल्याशिवाय उठू नका.