जेनिस इयन आणि ‘बालप्रतिभा’ नावाची अडचण

एखाद्या कलाकृतीची पहिली ओळख तिच्या कर्त्याच्या वयाने करून दिली, की तिचे वाचन बहुधा तेथेच थांबते. अमेरिकन फोक-पॉप गायिका आणि गीतकार जेनिस इयन (जन्म १९५१) हिच्या प्रारंभीच्या कारकिर्दीविषयी जे लिहिले जाते, त्यात तेरा, चौदा, पंधरा, सोळा हे आकडे इतक्या वेळा येतात, की ‘सोसायटीज चाइल्ड’ या गाण्यात नेमके काय घडते हे सांगायला जागा उरत नाही. कौतुक प्रामाणिक असते, यात शंका नाही. परंतु ‘एवढ्याशा मुलीने हे लिहिले’ या वाक्यातला भर ‘एवढ्याशा’वर असतो, ‘हे’वर नसतो. वय हा या गाण्याचा बाहेरून चिकटवलेला गुण नसून गाण्यातील बोलणारीचे ते स्थान आहे, आणि तसे वाचल्यावाचून गाण्याचा शेवट कळत नाही, असे आम्हाला वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. वडील संगीतशिक्षक, घरी डाव्या विचारांचे आणि लोकगीतांचे वातावरण, वास्तव्य न्यू जर्सीत. मूळ आडनाव फिंक. भावाचे मधले नाव उचलून तिने किशोरवयातच स्वतःला ‘इयन’ करून घेतले. बाराव्या वर्षी लिहिलेले ‘हेअर ऑफ स्पन गोल्ड’ हे गाणे ‘ब्रॉडसाइड’मध्ये छापून आले. सिस कनिंगहॅम आणि गॉर्डन फ्रिसन या दांपत्याने १९६२ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू केलेले हे साध्या छपाईचे नियतकालिक. बॉब डिलनची आरंभीची गाणीही त्यात आली होती. या पहिल्या गाण्यात वयाचे टप्पे ओलांडत जाणारी एक स्त्री बोलते; म्हणजे लेखिका ज्या वयांतून अजून गेलीच नव्हती, त्या वयांचा स्वर तिने उसना घेतला आहे. गोड गाणे आहे, पण उसनेपण लपत नाही. त्यानंतर दोनएक वर्षांतच लिहिलेल्या ‘सोसायटीज चाइल्ड’मध्ये असे काही उसने घेतलेले नाही. त्यातली मुलगी कवयित्रीच्याच वयाची आहे आणि ती वर्तमानकाळात बोलते.

गाण्याचे कथानक चार ओळींत सांगता येईल. एका गोऱ्या मुलीचे एका कृष्णवर्णीय मुलावर प्रेम आहे. तो दारात येतो. आई त्याला नावाने हाक न मारता गोऱ्यांनी काळ्या पुरुषांसाठी राखून ठेवलेल्या अवमानकारक संबोधनाने बोलावते आणि आत घेत नाही. शाळेत सोबती टोचून बोलतात, आणि समतेचे धडे देणारे शिक्षक छद्मी हसतात. शेवटी ती मुलगी स्वतःच त्याला सांगते की आता आपण भेटायचे नाही.

आमचे लक्ष वेधले ते ध्रुवपदाने. विद्यार्थ्यांनी गाणे ऐकताना तीनही वेळचे ध्रुवपद शेजारी शेजारी मांडून पाहावे. न भेटण्याचा हुकूम प्रत्येक वेळी तोच आहे, पण तो उच्चारणारा कर्ता बदलतो. पहिल्यांदा तृतीयपुरुषी एकवचन, म्हणजे आई. दुसऱ्यांदा तृतीयपुरुषी अनेकवचन, म्हणजे शाळा, शेजार, सारे जग. तिसऱ्यांदा प्रथमपुरुष. हुकूम आईच्या तोंडून निघून मुलीच्या तोंडात येऊन बसतो. आणि एवढ्यावर न थांबता अगदी शेवटी क्रियापदही सरकते: इतका वेळ ‘भेटता येत नाही’ असे म्हणणारी मुलगी आता ‘भेटायची इच्छा नाही’ असे म्हणते. अशक्यतेची भाषा अनिच्छेची होते. समाज माणसाच्या आत कसा उतरतो यावर समाजशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे ते काम एका सर्वनामाने आणि एका सहायक क्रियापदाने केले आहे. याला आम्ही कारागिरी म्हणतो, आणि ती जोखण्यासाठी कवयित्रीचा जन्मदाखला लागत नाही.

या गाण्याचा निर्माता जॉर्ज ‘शॅडो’ मॉर्टन. १९६४ सालचे ‘द शांग्रि-लाज’चे ‘लीडर ऑफ द पॅक’ त्याच्याच हातचे. त्या काळच्या किशोरी-पॉपमध्ये आईबापांनी मोडलेले प्रेम हा ठरलेला साचा होता. त्या गाण्यातला मोटारसायकलस्वार अपघातात मरतो. इयनचे गाणे त्याच साच्यात ओतलेले आहे, हे फोक-परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना फारसे रुचत नाही. आमच्या मते गाण्याचे बळ नेमके तेथेच आहे. निषेधगीतातला वर्णभेद आणि पॉपमधले रुसवे-अश्रू एकत्र आले, आणि मरण मात्र वगळले गेले. येथे कोणी मरत नाही. नाते मोडण्याचे काम मुलीलाच करावे लागते. वाद्यमेळातही हार्पसिकॉर्डचा नाजूक, दिवाणखान्यात शोभेल असा नाद आहे आणि अखेरीस त्याच्याशी न जुळणारी ऑर्गनची धसमुसळी लकेर आहे. मूळ शीर्षक ‘बेबी, आयव्ह बीन थिंकिंग’ असे होते. ते मागे सारून ‘सोसायटीज चाइल्ड’ पुढे आणले ते मॉर्टननेच. नव्या शीर्षकाने गाण्याला वजन आले, पण किंमतही मोजावी लागली. जुने शीर्षक म्हणजे मुलाशी बोलू पाहणाऱ्या मुलीचे चाचरते पहिले वाक्य होते. नवे शीर्षक निबंधाच्या मथळ्यासारखे आहे. तेव्हापासून गाणे ऐकण्याऐवजी त्याचा ‘विषय’ ऐकण्याची सवय लागली, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

आक्षेप असा येईल की शेवटी मुलगी माघार घेते, मग या गाण्यात बंड ते कोणते? या प्रश्नामागे एक गृहीत आहे: बोलणारी व्यक्ती प्रौढ आहे, तिच्या हाती घराची किल्ली आहे. ती तशी नाही. ती आईच्या घरात राहते, शिक्षकांच्या शाळेत जाते, आणि एक दिवस आपण हे ऐकून घेणार नाही असे ती म्हणते तेव्हा तो दिवस आज नाही हेही तिला ठाऊक असते. वीस वर्षांची कवयित्री कदाचित तिला घरातून पळून जायला लावती; चाळिशीतली कदाचित तिला क्षमा करती. समवयस्क कवयित्रीने यांतले काहीच केलेले नाही. निकाल देण्याइतके अंतर तिच्यापाशी नव्हते आणि तिने ते असल्याचे सोंगही आणले नाही.

स्वागताचा इतिहास बोलका आहे. अ‍ॅटलांटिक कंपनीने ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला आणि तयार गाणे परत केले; मग व्हर्व्हने ते १९६६ साली प्रकाशित केले. अनेक नभोवाणी केंद्रांनी ते वाजवण्याचे टाळले. एप्रिल १९६७ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाईन यांनी सीबीएस वाहिनीवरील ‘इन्साइड पॉप’ या कार्यक्रमात ते इयनकडून गाऊन घेतले, आणि दारे उघडली. त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात आंतरवंशीय विवाहबंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ राज्यांत तसे कायदे होते. गाणे त्या उन्हाळ्यात बिलबोर्डच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत चढले. कॅलिफोर्नियातील एन्सिनो येथे श्रोत्यांतील काहींनी वांशिक शिव्यांचा घोष लावला, तेव्हा ती रडत मंचावरून गेली आणि परत येऊन तिने गाणे पुरे केले, असे तिने २००८ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. शिव्या देणाऱ्यांनी, निदान, तिच्या वयाची सवलत दिली नव्हती.

सवलत दिली ती चाहत्यांनी. आपल्याकडे १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ साली ते गेले, पदवी राहिली, आणि त्यांच्या कवितेतली गडद उदासी वाचकांच्या नजरेस यायला मध्ये बराच काळ जावा लागला. इयनच्या वाट्याला पदवीऐवजी अपेक्षा आली. १९६७ ते १९६९ या काळात तिचे चार संग्रह निघाले. पहिल्यासारखे यश पुढच्यांना मिळाले नाही, आणि विशी गाठण्याआधीच ती ‘एकेकाळची’ ठरली. सोळाव्या वर्षी चमत्कार मानलेल्या व्यक्तीला अठराव्या वर्षी नुसती गीतकार असण्याची मुभा राहत नाही.

ती परतली १९७४ च्या ‘स्टार्स’ या संग्रहाने, आणि १९७५ च्या ‘बिटविन द लाइन्स’मधील ‘अ‍ॅट सेव्हन्टीन’ने तिला पुन्हा श्रोते आणि ग्रॅमी मिळवून दिले. शीर्षकात पुन्हा वयच आहे, हा योगायोग आम्ही गंमत म्हणून सोडून देणार नाही. या गाण्यातली सतरा वर्षांची, रूपाने सामान्य, कोणी न निवडलेली मुलगी भूतकाळात आहे. तिच्याविषयी बोलणारी स्त्री विशीतली आहे, आणि अखेरीस ती आपल्यासारख्या इतरांनाही शेजारी बसवून घेते. येथे अंतर आहे, म्हणून सांत्वनही आहे. रचना अधिक घोटीव आहे, शब्द अधिक नेमके आहेत, गिटारची बोसा नोव्हा वळणाची लय सारे कडवटपण मऊ करते. दोन्हींत श्रेष्ठ कोणते, असे विचारले तर आम्ही घोटीवपणासाठी ‘अ‍ॅट सेव्हन्टीन’चे नाव घेऊ. पण ‘सोसायटीज चाइल्ड’मध्ये सांत्वन करायला कोणी मोठे माणूस आलेलेच नाही, आणि ती ऑर्गनची लकेर मुलीचे शेवटचे वाक्य संपते न संपते तोच सुरू होते.