शनिवारवाड्यात भूत नाही



दिवाळीनंतर आपली सहल पुण्याला गेली होती. येताना यष्टीत मोठ्या मुलांनी सांगितलं, की शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचं भूत आहे. ते रात्री ‘काका मला वाचवा’ म्हणून ओरडतं. पहिलीची पोरं रडायला लागली. मला हे पटत नाही. का ते लिहितो.

नारायणराव खरे होते. ते पेशवे झाले तेव्हा लहानच होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, गारद्यांनी त्यांना वाड्यात मारलं. गारदी म्हणजे पगारी शिपाई. नारायणराव पळत काकांकडे गेले, काकांना मिठी मारली, तरी सोडलं नाही. वय फक्त १८. माझा दादा एवढाच आहे. काका म्हणजे राघोबादादा. त्यांच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, त्याचं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं असं सांगतात. ‘ध चा मा करणे’ आपण त्यावरूनच म्हणतो.

आता भुताचं बघा. कोणी म्हणतं पौर्णिमेला ओरडतं, कोणी म्हणतं अमावास्येला. गुरुजींनी सांगितलं की त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. म्हणजे दोन्ही नाही! भुताला आपली तिथी ठाऊक नसेल का? शिवाय वाडा १८२८ साली जळाला. आत आता जोती आणि बाग आहे. बाहेरचा तट आणि दरवाजे तेवढे उभे आहेत. ज्या खोलीत मारलं ती खोलीच नाही.

आणखी एक. नारायणराव गेल्यावर १७७४ साली त्यांना मुलगा झाला, सवाई माधवराव. त्याने बापाचं तोंड पाहिलं नाही. तोही त्याच वाड्यात १७९५ साली वरून कारंजावर पडला आणि वारला. वय २१. त्याचं भूत कोणी सांगत नाही. कारण त्याची हाक कोणाला पाठ नाही, असं मला वाटतं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमची आत्या लहानपणी विहिरीत पडून वारली. पोरं म्हणतात, दुपारी ती विहिरीतून हाक मारते. हे आजीच्या कानावर आलं की आजी हातातलं काम टाकून आत जाऊन बसते. आत्या आजीची मुलगी आहे, ती कशाला कोणाला भिववील? तसे नारायणरावही कोणाचे तरी मुलगा होते. त्यांना मारलं आणि वर आपण त्यांनाच भ्यायचं, हे बरोबर नाही. भ्यायचं तर मारणाऱ्यांना भ्यावं.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट मात्र यष्टीत कोणीच सांगितली नाही. ते न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली आणि राघोबादादा दोषी आहेत असं सांगितलं. तेव्हा राघोबादादाच पेशवे झाले होते, तरी भ्याले नाहीत. ही गोष्ट पहिलीच्या पोरांना सांगितली असती तर ती रडली नसती.

कोणी म्हणेल, एवढं आहे तर तू रात्री तिथे जाशील का? नाही जाणार. रात्री वाडा बंद असतो, आणि अंधारात साप-किरडू असतं.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थी