पगाराची स्लिप आणि पोरगी

इंजिनिअर झालेल्या पोरानं पुण्याची नोकरी सोडून गावात पेरणी यंत्रं बनवायला शेड टाकलं, की पारावर निकाल लागतो: पोरगं वाया गेलं. ठरत आलेली सोयरीकसुद्धा मोडते.

अरे बाबांनो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतली मास्तरकी सोडली नसती, तर आपल्या आज्या-पणज्यांना लोखंडी नांगर कुणी दिला असता? १९०३ साली त्यांनी तो बनवला, तेव्हाही शेतकरीच म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष बाधतं. पुढं १९१० ला औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ज्यानं जन्मात कधी पगार घेतला नाही, तो शेतकरी जावयाकडं पगाराची स्लिप मागतो! शेती तरी दुसरं काय आहे? कर्ज काढून, पावसाच्या भरवशावर केलेला धंदाच ना? मग त्या पोराला कशाला हसता? त्याचं यंत्र आधी रानात चालवून बघा.