विश्लेषण : ‘एका दिवसात पक्के दात’ खरेच मिळतात का?

‘सकाळी या, संध्याकाळी नवे दात घेऊन जा’ अशा धाटणीच्या जाहिराती आता जागोजागी दिसतात. त्या दिवशी दात दिसू लागतो, हे खरे. पण तो पक्का करण्याचे काम रुग्णाचे हाड करते आणि त्याला काही महिने लागतात.

इम्प्लांट म्हणजे काय?

इम्प्लांट म्हणजे दाताचे कृत्रिम मूळ. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू बहुधा टायटॅनियमचा असतो. तो जबड्याच्या हाडात बसवतात, त्यावर जोडखुंटी आणि सर्वात वर कॅप येते. ब्रिजसाठी शेजारचे दात घासावे लागतात. इथे ते शाबूत राहतात.

हाड टायटॅनियमला कसे धरते?

स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्तप्रवाह तपासत होते. हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण नंतर निघेना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. यालाच पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव मिळाले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर इम्प्लांट बसवले.

मग वेळ का लागतो?

सुरुवातीची पकड लाकडात पिळलेल्या स्क्रूसारखी असते. नंतरच्या काही आठवड्यांत स्क्रूभोवतीचे जुने हाड झिजते आणि नवे तयार होते. या काळात पकड तात्पुरती सैल होते. तेव्हा जास्त ताण आला, तर हाड जुळतच नाही. म्हणून अनेकदा तीन ते सहा महिने थांबून कायमची कॅप बसवतात. हाड भक्कम असलेल्या निवडक रुग्णांना त्याच दिवशी कॅप मिळते, पण ती सहसा तात्पुरती असते.

धोका कोणाला जास्त?

आटोक्यात नसलेला मधुमेह, हिरड्यांचा जुना आजार आणि धूम्रपान यांमुळे इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. मशेरी, तंबाखू, गुटखा यांची सवय असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधांचाही जबड्याच्या हाडावर परिणाम होतो. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून हाड झिजू शकते. त्यामुळे रोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी टळत नाही.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

हाड पुरेसे आहे का, की कलम करावे लागेल? सांगितलेल्या खर्चात स्कॅन, जोडखुंटी आणि कायमची कॅप धरली आहे का? इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल लेखी मिळेल का? पुढे एखादा भाग बदलायचा झाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना ही माहिती लागते. आणि मुख्य प्रश्न : आज बसणारा दात कायमचा की तात्पुरता? याचे उत्तर लेखी घ्यावे.