१२१वा दिवस: गृहखात्यास इशारा

कोठडीतील मृत्यूंबाबतची आमची निवेदने आपल्या आवक नोंदवहीत आहेत. प्रत्येकाची पोच आमच्याकडे आहे. उत्तर एकाचेही नाही.

यापुढे निवेदन नाही.

कोठडीत माणूस मेला की कारणे ठरलेली. छातीत कळ आली. पळताना पडला. चादरीने गळफास घेतला. आम्ही ही कारणे वाचली. शवविच्छेदनाचे अहवालही वाचले.

तरी थांबलो. चौकशी चालू आहे म्हणालात, थांबलो. दंडाधिकाऱ्यांचा अहवाल येऊ द्या म्हणालात, थांबलो. मग म्हणालात, खटल्याला सरकारची मंजुरी लागते.

तिथे वर्षे गेली. साक्षीदार थकले. आरोपींना बढत्या मिळाल्या.

जुन्या संहितेच्या कलम १९७चे हे कवच प्रामाणिक अधिकाऱ्यासाठी होते. त्याला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. पण लॉकअपमधली मारहाण हे कर्तव्य नव्हे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम २१८नुसार मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत द्यायचा आहे. न दिल्यास मंजुरी मिळाली असे धरले जाते.

हा कायदा संसदेने केला. आम्ही फक्त दिवस मोजतो आहोत.

प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा, चित्रण १८ महिने जपा, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी बजावले. माणूस मरतो त्या रात्री नेमका कॅमेरा बंद असतो. हा योगायोग आम्हाला पाठ आहे. यापुढे असा कॅमेरा सापडला की पुरावा नष्ट केल्याची फिर्याद होईल.

आणि भरपाई. १९९३ साली ओडिशातल्या एका आईला दीड लाख रुपये देताना न्यायालयाने सार्वभौम सत्तेची सबब फेटाळली. दोषीकडून रक्कम वसूल करण्याचा सरकारचा हक्क डी. के. बसू निकालात, १९९६ सालीच, नोंदला आहे. आपण तो वापरत नाही. जनतेच्या तिजोरीतून भरता आणि गप्प बसता. आम्ही तो वापरायला लावू.

आजपासून ३० दिवस. पडून असलेल्या मंजुरी-प्रस्तावांवर निर्णय द्या. आरोपी अधिकाऱ्यांना त्या ठाण्यांतून हलवा.

बंदोबस्ताची तयारी करू नका. मोर्चा निघणार नाही. वकीलपत्रांवर सह्या झाल्या आहेत. ज्या प्रकरणात १२० दिवस उलटतील, त्यात १२१व्या दिवशी आम्ही न्यायालयात असू.

उत्तर लेखी द्या. तोंडी आश्वासन घेतले जाणार नाही.